दाब, धर, सोड

भाऊजी,

आधी माफी मागते. चौथीत शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हाती राहत नाही. अक्षर तर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच वाचता येत नाही. पोरीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. कोणाला दाखवणार नाही. तुम्ही होता तेव्हा तुमच्यासमोर मान वर केली नाही, आणि आता एवढं लिहायला बसले, याचीही माफी असावी.

परवा तुमची तेरवी झाली. मांडव निघाला, भाड्याची भांडी परत गेली, पाहुणे आपापल्या गावी गेले. आज सकाळी पहिल्यांदा गाडी काढली. किल्ली फिरवायच्या आधी क्लचवर पाय ठेवला आणि तो तिथेच राहिला. उचलेना. शेजारी हे बसले होते. त्यांना दिसत नाही, पण समजतं. ते म्हणाले, "थांब थोडी. घाई कायची हाय?" मग आम्ही दोघं बंद गाडीत बसून राहिलो. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं असेल, गाडी बिघडली.

बिघडली नव्हती, भाऊजी. तेच तुम्हाला सांगायचं आहे. पण ते पहिल्या पानावर सांगता येत नाही.

लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा सासूबाईंनी एकदाच सांगितलं होतं, भासऱ्यापुढे बोलायचं नाही, पदर ढळू द्यायचा नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे सासऱ्याच्या जागी. आता आपल्या मानोऱ्यात हे कोणी पाळत नाही. नव्या सुना भासऱ्याला मोबाईलवरून भाजी आणायला सांगतात. आपल्या घरातही सासूबाई गेल्यावर कोणी जबरदस्ती केली नसती. पण मी मुळातच भित्री. रिवाज होता म्हणून मी गप्प नव्हते, गप्प होते म्हणून रिवाज बरा वाटायचा. दोन घरांच्या मधे एक भिंत, एकच न्हाणी, अठरा वर्षं, आणि माझा आवाज तुम्ही ऐकला असेल तो फक्त पोरीला हाक मारताना.

मग यांची साखर डोळ्यांत उतरली. हे चालवायचे ती भाड्याची गाडी दारात उभी राहिली. तांड्यांवरच्या बाया यांच्याच गाडीतून दवाखान्यात जायच्या, पोरी शाळेत जायच्या. एक दिवस त्यांच्यातलीच एक मला म्हणाली, "तूच काहून नाई चालवत? बाई चालवन त आमीबी मोकळ्या बसू." मी हसून घरात पळाले. पण ते मनात राहिलं. परवान्याला आता शिक्षणाची अट नाही, हे यांना कुठून कळलं कोण जाणे. यांनी शेजारी बसून, डोळ्यांनी नाही तर कानांनी, मला गाडी शिकवली. गियर पडला की आवाजावरून म्हणायचे, "दुसरा नाई गेला. काढ, परत टाक."

गाडी आली, पण क्लच येईना. माझा डावा पाय वाकडा, एवढंच तुम्हाला माहीत होतं. लहानपणी कापसाच्या भरल्या बैलगाडीवरून पडले होते, घोटा वाकडा जुळला, आणि तळव्याला तेव्हापासून नीट समजत नाही. चप्पल निसटली तरी चार पावलांनी कळतं. त्यात ते पायडल दगडासारखं जड. दुपारपर्यंत मांडी थरथरायची. जाऊबाईंनी एकदा न्हाणीत पकडलं.

"काय वं मंदे, पाय काहून चोळून राह्यली?"

"काई नाई, बाई."

"काई नाई म्हणते न डोयात पानी."

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून तुमचा आवाज आला. यांना ओरडत होता, "पाय तोडतं काय तिचा? उद्या गाडी माह्या गॅरेजवर आणून टाक."

तुम्ही पहिल्यांदा काय केलं ते मला नंतर समजलं. पायडलाच्या मागे जो वरचा सिलेंडर असतो, तो काढून त्याच्याहून बारीक बसवला. बारीक सिलेंडर थोडंच तेल ढकलतो, म्हणून पायाला हलका लागतो. लागलाही. पायडल असं झालं, जसं ओल्या पिठात पाय. मी खुर्चीसारखी ताठ बसले होते, तुम्ही बोनेटमागे, आणि जाऊबाई मधे.

"विचार तिले, कसं लागते पायडल."

"कसं लागते म्हणते?"

मी मान हलवली.

"बरं म्हणते."

"बरं म्हणजे कसं? सोडतानी क्लच कुठं धरते, खाली का वर, थे विचार."

"अवो, बरं म्हणते न बाप्पा! आता का मी तिच्या पायात शिरू?"

तुम्ही हसलात. आणि माझं खोटं तिथे पक्कं झालं. कारण क्लच कुठे धरतो ते मला अजिबात कळत नव्हतं. आधी जड होतं तेव्हा निदान दुखण्यावरून अंदाज यायचा. आता पाय खाली जायचा, वर यायचा, मधे काही घडल्याचं समजतच नव्हतं. पण जाऊबाईंना मधे उभं करून "मला समजत नाही" हे कसं सांगायचं? तुम्ही दोन दिवस खपला होता. मला वाटलं, आपल्या पायाचाच दोष. सवय होईल.

पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवशी काय झालं त्याबद्दल तुम्ही मला कधी एक शब्द बोलला नाहीत. मीच आता बोलते. मागे चार बाया होत्या, एकीच्या मांडीवर लेकरू. तलावाच्या बांधावरच्या चढावर गाड्यांची रांग लागली आणि मधेच थांबावं लागलं. पुढची गाडी हलली. मी पाय सोडला, धरलं असं वाटलं, धरलं नव्हतं. गाडी मागे सरकायला लागली. बाया ओरडल्या. मी घाबरून दोन्ही पाय चुकीच्या जागी दाबले. आणि मागून आवाज आला, "ब्रेक!"

अठरा वर्षांत माझ्या दिशेने आलेला तुमचा तो पहिला शब्द. माझ्यासाठी होता की गाडीसाठी, मला अजून माहीत नाही.

तुम्ही क्लच चढावर कसा चालतो ते पाहायला फटफटीवरून मागे मागे येत होता, हे मला माहीत नव्हतं. फटफटी टाकून तुम्ही धावलात आणि चाकाखाली दगड सरकवला. गाडी थांबली. लेकरू रडायचं थांबलं. मी उतरून मागे आले तर तुम्ही उजवा हात दुपट्ट्यात गुंडाळत होता. अंगठा दगड आणि टायरच्या मधे सापडला होता.

मी तिथे उभी होते, भाऊजी. पदर तोंडात धरून. माफी मागायचं सोडा, मला रडताही आलं नाही. तुम्ही माझ्याकडे न पाहता यांना म्हणालात, "तिनं मान हालवली न म्या खरं मानलं. चूक माही हाय. मिस्त्रीनं मानेवर काम करू नाई."

नख परत आलं, पण वाकडं. त्या अंगठ्याने तुम्ही तेल चोळून त्यातली कचकच पाहायचा, नट किती कसला ते पाहायचा. ते गेलं. पुढे एकदा गाडीखालून तुम्ही गाडीलाच म्हणाला होता, "गाडी, तुह्या मालकिणीले सांग, तिचा तळवा न माहा अंगठा, आता दोघंय बहिरे. हिशोब बराबर." मी वर बसून हसले होते. तुम्हाला ऐकू गेलं असेल. हसण्याच्या मागे काय होतं ते ऐकू गेलं नसेल.

त्यानंतर तुम्ही सगळं उलट केलं. जुना सिलेंडर परत बसवला. क्लचचं तेल खाली नेणारा रबरी पाईप कापून दाखवला यांना; हाताने तपासायला दिला. म्हणालात, दाब आला की हा फुगते, तिनं पायानं जे सांगतलं ते ह्याच्यातच मुरते. त्याच्या जागी तारेच्या जाळीचा, न फुगणारा पाईप अकोल्याहून आणला. खालच्या सिलेंडरच्या तोंडाशी तेल हळू सोडणारी एक बारीक चकती होती, तीही काढली. आणि पायडलाच्या दांडीला जुन्या भोकाच्या बोटभर वर नवीन भोक पाडलं, म्हणजे पायाला कमी जोर लागेल. पण सगळाच जोर काढला नाही. आपला वाद तिथून सुरू झाला.

त्याआधी हवा काढायची होती. पाईप बदलला की तेलात हवा राहते, आणि हवा राहिली की पायडल मऊ लागतं. त्यासाठी दोन माणसं लागतात. एकाने वर पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली हवा सोडायचं निपल ढिलं करायचं, बुडबुडे निघाले की कसायचं, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर गेलेली हवा परत आत. तुम्ही गाडीखाली उताणे, मी वर, आणि जाऊबाई दारात उभ्या.

"दाब," तुम्ही म्हणालात.

"दाब म्हणते!" जाऊबाई म्हणाल्या. मी दाबलं.

"दाबलं म्हणते ते!"

"धर."

"धर म्हणते. आन् मंदे, गॅसवर दूध ठेवून आली काय वं तू?"

मी पाय उचलला. खाली फस्स झालं. तेल तुमच्या तोंडावर.

असं पाच-सहा वेळा झालं असेल. कधी जाऊबाई उशिरा सांगायच्या, कधी लवकर, कधी दोन शब्द एकत्र करायच्या. शेवटी तुम्ही खालून ओरडलात, "अवो, तू घरी जाय! पाईपात हवा न बोलण्यात तिसरा माणूस, दोन्हीचं एकच हाय. पायडल मऊच लागन."

जाऊबाई रागाने निघून गेल्या. "करा मंग दोघं मुक्यानं!" असं जाताना म्हणाल्या.

मला तुमचे फक्त पाय दिसत होते, बुटांच्या टाचा झिजलेल्या. मग खालून हळू आवाज आला. "गाडी, वर बसलेल्या बाईले सांग, मी तिले दिसत नाई, ती मले दिसत नाई. मधात तू हाय. तिनं तुह्याशी बोलावं. भासऱ्याशी बोलली असं कोणी म्हणणार नाई."

तुम्ही म्हणालात, "दाब." मी दाबलं. तुम्ही वाट पाहिली. आणि मी म्हटलं, "गाडी, दाबलं."

"धर."

"गाडी, धरलं."

बुडबुड्यांचा आवाज आला. पान्हा फिरला. "सोड."

"सोडलं."

दाब, धर, सोड. दाबलं, धरलं, सोडलं. दहा-बारा वेळा. दर वेळी पायडल थोडं घट्ट होत गेलं, जसं कोणी खालून हात धरतंय. शेवटी शेवटी मी "गाडी" म्हणायचं विसरले होते. तुम्हीही आठवण दिली नाही.

मग तुम्ही गाडीला विचारलं, क्लच कुठे धरतो. आणि भाऊजी, माझ्या तोंडून खरं निघालं. "गाडी, मले तळव्यानं समजत नाई. कधीच समजलं नाई. त्या दिवशीबी समजलं नव्हतं." खाली पान्हा ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणालात, "तळव्यानं पाहूच नको. नडगीनं पाहाय. नडगीत भार कमी झाला का समज, धरलं."

मी पाय हळू सोडला आणि नडगीत, अगदी हाडात, भार हलका झालेला कळला. त्याच क्षणी गाडी थरथरली. त्या नडगीवर मी आज गाडी चालवते.

वाद मात्र राहिला. मी म्हणायची, "गाडी, तुह्या मिस्त्रीले सांग, अजून जड हाय. दिवसभर कोण दाबते?" तुम्ही म्हणायचा, "गाडी, मालकिणीले सांग, जड हाय म्हणूनच समजते. सगळंच हलकं केलं त मंग पाय न पानी एकच." दोन-तीन महिन्यांनी मी परत गाडी आणायची. कधी म्हणायची थोडं वर धरतं, कधी म्हणायची खाली गेलं. तुम्ही पोतं अंथरून खाली शिरायचा. मग तासभर बोलणं व्हायचं. आधी क्लचचं, मग पोरीच्या शाळेचं, यांच्या डोळ्यांचं, तुमच्या गुडघ्याचं. एकदा तुम्ही गाडीला तुमच्या आईची गोष्ट सांगितली, जी यांनाही माहीत नव्हती. मी काय ऐकते आहे याचं मला दडपण आलं होतं. सगळं गाडीला उद्देशून. गाडीला किती गोष्टी ठाऊक आहेत, भाऊजी.

जाळीच्या पाईपाचे आणि बाकी सामानाचे साडेचार हजार तुम्ही पदरचे घातले होते. यांनी द्यायला काढले तर तुम्ही घेतले नाहीत. म्हणालात, "पायडल बराबर झालं असं ती तोंडानं सांगन तवा घेईन. मान हालवलेली चालणार नाई."

मी सांगितलं नाही. दोन वर्षं झाली. पैसे डब्यात वेगळे ठेवले होते, ज्वारीच्या कोठीवर. पहिल्यांदा पायडल बरं नसताना बरं म्हटलं, ते खोटं भीतीचं होतं. दुसरं खोटं मी जाणूनबुजून बोलले. पायडल त्याच दिवशी बरोबर झालं होतं. मला एकदाही परत दुखलं नाही. पण बरोबर झालं म्हटलं असतं तर तुम्ही गाडीखाली कशाला शिरला असता? आणि मग मी कोणाशी बोलले असते?

तो दिवस. दुपारी तुम्ही गॅरेजमधे स्टुलावर बसलात आणि छाती धरली. माझीच गाडी दारात उभी होती. तुम्हाला मागच्या सीटवर घातलं, जाऊबाईंच्या मांडीवर डोकं. हे पुढे माझ्या शेजारी. ज्या गाडीखाली तुम्ही इतके तास होता, तिच्यात मी चालवताना त्या दिवशी पहिल्यांदा बसलात. वाशीमच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता मला आता एकेका गियरने आठवतो. एका चढावर ट्रक आडवा आला आणि मला थांबावं लागलं. मी पाय सोडला, नडगीत भार हलका झाला, आणि गाडी तिळभरही मागे न जाता चढली. आरशात पाहिलं. तुमचे डोळे मिटलेले होते, पण चेहरा तसा होता जसा गाडीचा आवाज ऐकताना व्हायचा.

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य. पण तुम्ही गाडीखाली नव्हता, गाडीत होता. हे होते, जाऊबाई होत्या, आणि मी परत तीच जुनी भित्री झाले. मला वाटलं, परत येताना सांगू.

परत येताना तुम्ही त्या गाडीत नव्हता.

आज दुपारी डबा घेऊन जाऊबाईंकडे गेले. त्या चुलीपुढे नुसत्या बसल्या होत्या, चूल विझलेली. मी पैसे पुढे ठेवले. त्यांनी हात लावला नाही.

"कायचे?"

"पाईपाचे. भाऊजींचे."

"मले माहीत हाय कायचे. पण त्याईनं सांगून ठेवलं होतं, तोंडानं सांगतल्याबिगर घ्यायचे नाई." मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला तुमचा अकराचा पान्हा टांगलेला होता, निपल खोलायचा. त्यावर धुळीचा थर. "थो पाहाय. साल झालं असन, त्याईनं तिथून काढलाच नाई. तू गाडी आणली का रिकाम्या हातानं जाये. मी म्हणो, पान्हा राह्यला न तुमचा. त म्हणे, लागत नाई."

मी त्या पान्ह्याकडे पाहत राहिले. म्हणजे पायडल बरं आहे हे तुम्हालाही ठाऊक होतं. जाऊबाई म्हणाल्या, "बोल आता. मी जावू का बाहीर?"

"नाई," मी म्हटलं. "बसा तुमी."

खिळ्याशेजारीच तुमचा फोटो आहे, त्याला हार. मी उभी राहिले. पदर खांद्यावर होता, तो तसाच राहू दिला. गाडी बाहेर होती, मधे कोणी नव्हतं.

"भाऊजी," मी म्हटलं. पुढचं यायला वेळ लागला. "पायडल बराबर झालं. पयल्याच दिवशी झालं होतं. अंगठ्याची माफी द्या."

जाऊबाईंनी पदराने डोळे पुसले. मग नोटा उचलल्या, न मोजता कमरेला खोचल्या, आणि चूल पेटवायला घेतली. चहा ठेवला. साडेचार हजार, भाऊजी. सगळे फिटले.